दोन पोळपाट आणि एक कललेलं चुंबक

सासूबाईंना कुणी विचारलं, "सून काय करते?" की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "चुंबकाच्या फॅक्टरीत आहे. फ्रिजच्या दाराला लावतात ना, तसली." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात आमटी ढवळत होते. गॅस बारीक केला, पळी हातात घेऊनच बाहेर आले आणि शेजारणीसमोर म्हटलं, "आई, फ्रिजची नाहीत. आमचं एक चुंबक दोन बोटांत मावतं आणि मध्ये बोट सापडलं तर नख काळंनिळं करतं." शेजारीण घाबरून म्हणाली, "मग जपून हो, बाई." सासूबाईंनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं तेव्हा पुन्हा फ्रिजच सांगितला.

मला राग लवकर येतो. माहेरी हे उघड बोललं जायचं, सासरी समजून घेतलं जायचं. पण त्या रागाच्या मुळाशी अभिमान होता आणि तो मी तेव्हाही लपवला नाही, आज लपवायचं तर काहीच कारण नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे नीओडिमियमची, म्हणजे लहान पण जबर ताकदीची चुंबकं बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. त्यातला एक रबाळ्याला होता आणि त्या कारखान्यातलं मोजमापाचं सगळं काम माझ्याकडे होतं.

आम्ही वाशीच्या नव्या टाउनशिपमध्ये राहायचो. फ्लॅट घेताना बाल्कनीतून खाडी दिसते असं सांगितलं होतं; दिसायची ती समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. सकाळी कंपनीची मिनीबस यायची, ठाणे-बेलापूर रस्त्याने कोपरखैरणे, घणसोली करत रबाळ्याला आत वळायची. कारखाना पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून उभा होता. आजूबाजूला रंगाचे, औषधांचे, प्लॅस्टिकचे कारखाने, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे रोज वेगळा वास. आमच्या कारखान्याला मात्र वास नव्हता, आवाजही बेताचाच. पत्र्याच्या त्या शेडमध्ये आत काय चाललंय हे बाहेरच्याला कळणं शक्य नव्हतं.

काय चालायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आधी धातूची भुकटी, मैद्याहून बारीक. तिचा प्रत्येक कण म्हणजे एक स्फटिक आणि प्रत्येक स्फटिकाला चुंबक व्हायला एकच दिशा आवडते. भुकटी नुसती दाबली तर हे कण वाटेल तिकडे तोंड करून बसतात, काडेपेटी उलटी केल्यावर काड्या पडतात तशा. असं चुंबक दुबळं. म्हणून भुकटी साच्यात भरायची, साच्याच्या दोन्ही बाजूंना मोठाल्या कॉइल असतात, त्यांत वीज सोडायची. सगळे कण एका दिशेला वळतात, काड्या पेटीत रचल्यासारखे. तेवढ्यात प्रेस खाली येते आणि त्यांना तसंच दाबून टाकते, की झाला ब्लॉक. मग भट्टी, मग घासणं, आणि शेवटी चुंबक. कण किती चांगले एका रांगेत आले, यावर चुंबकाची किंमत ठरते. ते मी मोजायचे. कणाकणाशी जाऊन विचारता येत नाही, पण सगळ्यांनी मिळून किती जोर लावला हे कळतं आणि त्यावरून रांग ओळखता येते.

प्रेसवर जे होते त्यांना सगळे दादा म्हणत. गोठिवलीचे, म्हणजे तिथलेच. आमची शेड जिथे होती त्याच्या आसपास कुठेतरी त्यांच्या आजोबांचं भाताचं खाचर होतं. नक्की कुठे ते आता त्यांनाही सांगता यायचं नाही, कारण बांध, झाडं, ओढा, काहीच शिल्लक नव्हतं. पण ते स्वतः प्रेसच्या जागीच असं धरून चालायचे. पाहुणे आले की कमरेवर हात ठेवून सांगायचे, "हिथं आमी भात पिकवला, आता चुंबक पिकवतो." पाहुणे हसायचे. दादा हसायचे नाहीत, त्यांना ते खरंच तसं वाटायचं. मला ते वाक्य फार आवडायचं, मी त्यांना ते मुद्दाम बोलायला लावायचे.

प्रेसच्या खोलीचा एक नियम होता. आत जाताना अंगावरचं लोखंड बाहेर ठेवायचं. दाराशी लाकडी मांडणी होती, तिच्यावर घड्याळं, किल्ल्या, डबे, पेन. मी केसांतल्या पिना आणि साडीच्या टाचण्यासुद्धा काढायचे आणि पदर खोचून आत जायचे. हा नियम कुणी पाळला नाही तर कॉइल स्वतःच शिकवायची. ऑफिसातला एक नवा माणूस खिशात जुडगा घेऊन आत गेला होता. किल्ल्या खिसा फाडून कॉइलला जाऊन चिकटल्या. त्यानंतर लोखंड उडतं हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. नको इतकं पक्कं बसलं, हे नंतर कळलं.

खोलीत गावदेवीचा एक पितळी टाक होता, दादांनी बसवलेला. पूर्वी तो भिंतीवर लाकडी फळीवर असायचा. दसऱ्याच्या आधी त्या भिंतीला हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवायचं ठरलं आणि देवीची जागा गेली. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची पद्धत आमच्याकडे जोरात होती. प्रेस धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून तयार व्हायची, त्या दिवशी साचासुद्धा विश्रांती घ्यायचा. अशा दिवशी देवी खोक्यात कशी ठेवायची? मग प्रेसच्या लोकांनी आपल्या वर्कशॉपमध्ये जाड लोखंडी पट्टीचा एक झकास देव्हारा बनवला. त्याला पॉलिश केलं, वर छोटी कमान काढली आणि तो थेट प्रेसच्या अंगावर, उजव्या कॉइलच्या मागच्या बाजूला, चार बोल्ट मारून घट्ट बसवला. आता दादांना पहिला साचा भरायच्या आधी मागे वळायला नको, नुसता हात जोडला की देवी समोर. मी त्या दसऱ्याला साताऱ्याला माहेरी होते. परत आले तेव्हा देव्हाऱ्यावर सुकलेला झेंडू होता. मीही नमस्कार केला आणि माझ्या खोलीत गेले.

थंडी संपता संपता पुण्याहून एक इंजिनिअर आले. त्यांची कंपनी यंत्रांमध्ये बसणाऱ्या छोट्या, नाजूक मोटरी बनवायची आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती. बारीक चणीचे, फार सभ्य गृहस्थ. चहा घेतला, बिस्कीट नको म्हणाले आणि मग सांगितलं, "मॅडम, नवीन मालावर आमची मोटर थरथरते. जुन्या मालावर थरथरत नव्हती. तुमचे क्रिस्टल्स लाइनमध्ये नाहीत."

मी त्या लॉटचे आकडे त्यांच्यासमोर ठेवले. जोर पूर्वीइतकाच, रांग पूर्वीइतकीच. ते म्हणाले, आकडे बरोबर असतील, पण मोटर खोटं बोलत नाही. मी फाइल जरा जोरातच मिटली. आम्ही नमुने बाहेरच्या एका प्रयोगशाळेत एक्स-रेला पाठवले. तिकडूनही उत्तर आलं की कण एकमेकांशी छान जुळलेले आहेत. तेवढंच आम्ही विचारलं होतं, तेवढंच त्यांनी सांगितलं.

साहेबांनी मला आणि दादांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमचे मालक. स्वतः धातुशास्त्र शिकलेले, कारखाना उभा करताना भट्टीपाशी घाम गाळलेला माणूस. पण त्या वर्षात ते थकले होते. "हे बघा मॅडम," ते म्हणाले, "बाहेरच्या देशातून तयार ब्लॉक यायला लागलेत. आपल्यापेक्षा स्वस्त. पुणेवाले पुढच्या खेपेला येतील तेव्हा माल सुधारला नसेल, तर मी प्रेस बंद करतो. भट्टीपण बंद. ब्लॉक आणू, घासू, विकू. उगाच टेन्शन कशाला?" मग दादांकडे न बघता म्हणाले, "साचा वाकडा बसत असणार."

दादा ताठ उभे राहिले. "सायेब, साचा मी डोले मिटून बी सरल बसवतो."

"मग मोटर का थरथरते?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या आकड्यांच्या कागदाकडे बघितलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ताई, प्रेस गेली तर मना खोकी उचलायला ठेवतील. दुसऱ्याच्या मालाची खोकी. आमच्या जाग्यावर." त्यांचा आवाज वर चढला नव्हता, त्यामुळे मला ते जास्त लागलं.

त्या रविवारी घराला नुकताच रंग देऊन झाला होता आणि मी सासऱ्यांचा फोटो परत भिंतीवर लावत होते. सासूबाई समोर खुर्चीत बसून देखरेख करत होत्या. "वाकडा लागलाय," त्या म्हणाल्या. मी स्टुलावरून बघितलं, मला तर ठीक दिसला. "वाकडा आहे गं." माझं डोकं आधीच फिरलेलं. मी टेप आणली, फोटोच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरळ उभं अंतर मोजलं आणि त्यांना दाखवलं, "हे बघा. वर-खाली जेवढा होता तेवढाच आहे. वाकडा असता तर कमी भरला असता."

"वर-खाली कोण बघतंय?" सासूबाई म्हणाल्या. "बाजूला कललाय. इथून ढळढळीत दिसतंय."

मी स्टुलावरून उतरले ती फोटोकडे बघतच राहिले. त्या बरोबर होत्या. खालचं टोक चांगलं बोटभर बाजूला गेलं होतं आणि उभं माप मात्र टेपवर कळण्याइतकंही कमी झालं नव्हतं. वस्तू थोडी कलली की तिची उंची जवळपास तेवढीच राहते. फरक पडतो तो बाजूला. हे मला शाळेपासून माहीत होतं, हजार गणितं केली होती. आणि कारखान्यात मी काय करत होते? चुंबकाचा लांबीच्या दिशेचा जोर मोजत होते. फक्त लांबीच्या. सगळे कण एका रांगेत असतील, पण ती रांगच्या रांग कललेली असेल, तर माझ्या यंत्राला ते दिसणार कसं? शंभरात जेमतेम अर्धा आकडा कमी भरेल, तेवढा फरक तर रोजच असतो. मोटरला मात्र बाजूचा जोर जाणवणार, कारण तो तिथे असायलाच नको.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. हे वाक्य आमच्या घरात क्वचित ऐकू यायचं, त्यामुळे त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

आता बाजूचा जोर मोजायचा होता. त्याची पद्धत पुस्तकात होती: दोन सारख्या गोल कॉइल समोरासमोर ठेवायच्या, मधोमध चुंबक ठेवायचं आणि ते उलटं फिरवायचं. तारेत जो झटका येतो त्यावरून त्या दिशेचा जोर कळतो. झटका मोजायचं उपकरण माझ्याकडे होतं. कॉइल नव्हत्या. त्या परदेशातून मागवायच्या तर तोवर प्रेसची शेड भाड्याने गेली असती. तार गुंडाळायला मला दोन गोल, सारख्या आकाराच्या, लोखंडाचा अंशही नसलेल्या चकत्या हव्या होत्या. संध्याकाळी वाशीच्या मार्केटमध्ये भाजी घेता घेता भांड्यांच्या दुकानापुढे त्या मला दिसल्या. एकावर एक रचून ठेवलेल्या, सागवानी.

मी दोन पोळपाट घेऊन घरी आले तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "घरात एक आहे ना! एवढ्या पोळ्या कुणासाठी लाटायच्यात?"

"कंपनीसाठी," मी म्हटलं.

"आता कंपनीत पोळ्यापण करायला लावतात?"

कोपरखैरण्याच्या एका सुताराकडून पोळपाटांचे पाय कापून घेतले आणि कडेला खाच पाडून घेतली. पाय लाकडाच्या खुंट्यांनी बसवलेले होते, खिळे नव्हते, हे मी दुकानातच चुंबक लावून बघितलं होतं. दुकानदाराला वाटलं ही बाई काहीतरी तंत्रमंत्र करतेय. तांब्याची बारीक तार मी स्वतः गुंडाळली, वेढे मोजत, मध्ये कुणी हाक मारली तर ओरडत. दोन्ही पोळपाट एका फळीवर उभे केले. मध्ये लाकडी ठोकळा, त्याला चुंबक बसेल एवढी खाच. ठोकळा एका अंगावर ठेवला की लांबीचा जोर, दुसऱ्या अंगावर ठेवला की बाजूचा, तिसऱ्यावर ठेवला की वरचा. सगळा सरंजाम दिसायला इतका घरगुती होता की साहेब एकदा आत डोकावले आणि काही न विचारता निघून गेले.

आधी मी कपाटातले जुने नमुने काढले, दसऱ्याच्या आधीच्या मालातले. बाजूचा जोर जवळजवळ शून्य. मग पुण्याहून परत आलेल्या मालातलं एक चुंबक ठेवलं. ठोकळा बाजूच्या अंगावर ठेवून फिरवला आणि काटा उडाला. लांबीच्या जोराच्या दहाव्या हिश्श्याइतका जोर बाजूला होता. दुसरं ठेवलं, तेच. तिसरं, तेच. मला आनंद झाला म्हटलं तर विचित्र वाटेल, कारण माल खराबच ठरत होता. पण इतके दिवस जे कुणाला दिसत नव्हतं ते माझ्या दोन पोळपाटांना दिसलं होतं. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि एकटीच हसले.

पण यावरून साहेबांचंच म्हणणं खरं ठरणार होतं. रांग कललेली, म्हणजे साचा वाकडा, म्हणजे दादांची चूक. मी दादांकडे गेले. त्यांना पोळपाटाचं सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "दादा, एक करायचं. नवीन ब्लॉक दाबाल तेव्हा जी बाजू तुमच्याकडे असेल तिच्यावर रेघ मारायची. प्रत्येक ब्लॉकवर. सकाळच्या, दुपारच्या, साचा काढून परत बसवला की त्यानंतरच्या पण."

दाबलेला ब्लॉक खडूसारखा ठिसूळ असतो. दादा पितळेच्या सुईने हलक्या हाताने रेघ मारत राहिले. भट्टीतून ब्लॉक निघाले, मी त्यांच्यात चुंबकत्व भरलं आणि ते एकेक करून पोळपाटांमध्ये ठेवले. सगळे कललेले, आणि सगळे एकाच बाजूला, रेघेच्या उलट. दादा माझ्या शेजारी उभे राहून बघत होते.

"दादा," मी म्हटलं, "हाताची चूक एकदा इकडे होते, एकदा तिकडे. मधून साचा तुम्ही काढून बसवलात तरी कल तोच आहे. ही तुमची चूक नाही. तिथे काहीतरी उभं आहे."

त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. "मी बोल्लो होतो ना," एवढंच म्हणाले.

आम्ही दोघे प्रेसच्या खोलीत गेलो. मी पिना काढून मांडणीवर ठेवल्या, केस मोकळे, आणि दादांच्या नेहमीच्या जागी उभी राहिले. रेघ माझ्याकडे. कल समोर, जरा उजवीकडे. मी हात लांब करून कल जिकडे होता तिकडे बोट दाखवलं, आणि माझं बोट झेंडूच्या माळेवर जाऊन थांबलं. माळ ताजी होती. दादा दर मंगळवारी नवी घालायचे.

दादांनी पुढे होऊन देव्हाऱ्याची पट्टी हलवून बघितली.

"बोल्ट मारलाय," दादा म्हणाले. "उडत नाय तो."

"उडत नाही म्हणूनच," मी म्हटलं. "किल्ल्या उडाल्या, कळलं, बाहेर ठेवल्या. हे लोखंड उडू शकत नाही, मग ते कॉइलचाच जोर आपल्याकडे खेचून घेतंय. प्रेसचं लोखंड दोन्ही अंगांना सारखं आहे, हे एकाच अंगाला. कण सगळे तिकडे मान वळवतायत."

दादांनी देव्हाऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि मला एकदम कळलं की त्यांना काय लागलंय. "म्हंजी देवीनं माल बिघडवला, असा सांगनार तुमी सायबांना?"

मला धर्मसंकटात पडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "दादा, परवानगी असेल तर टाक हातात देता?" त्यांनी कॉइल बंद असल्याची खात्री केली, नमस्कार केला आणि टाक काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी माझ्या खोलीतून एक चुंबक मागवलं, दादांच्या हातात दिलं. "लावून बघा." ते लावेनात. मीच त्यांचा हात धरून टाकाजवळ नेला. चुंबक पितळेवरून निसटून खाली सरकलं, जराही धरलं नाही. मग तेच चुंबक मी देव्हाऱ्याच्या पट्टीजवळ नेलं आणि ते माझ्या हातातून खाडकन जाऊन चिकटलं.

"देवीचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "पट्टीचा आहे."

दादांचे खांदे सैल झाले. ते चुंबक पट्टीवरून काढायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

बसवलेला देव असाच उचलत नाहीत. दादांनी दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, नवा टॉवेल खांद्यावर टाकून, नारळ फोडून देवीची रीतसर समजूत घातली. अक्षता टाकल्या, टाक ताम्हनात घेतला आणि दाराशी, घड्याळं-किल्ल्यांच्या लाकडी मांडणीवर सगळ्यात वरच्या खणात ठेवला. मग चार बोल्ट काढले. कामगार गोळा झाले होते. देव्हारा उचलून बाहेर नेला, दादा जागेवर आले, दाराकडे वळून हात जोडले आणि साचा भरायला घेतला.

पुण्याचे इंजिनिअर आले तेव्हा नवे ब्लॉक तयार होते. साहेब, ते, दादा आणि मी माझ्या खोलीत उभे होतो. मी आधी जुनं, कललेलं चुंबक ठेवलं. काटा उडाला. मग नवं ठेवलं, दादांची रेघ असलेलं. लांबीचा जोर पूर्वीइतका. बाजूच्या अंगावर ठोकळा ठेवला, फिरवला. काटा जागचा हलला नाही. पुन्हा फिरवला, नाही. साहेबांनी स्वतः फिरवून बघितला. त्यांच्या हातानेही नाही.

इंजिनिअर खाली वाकून बघत होते. "हे इन्स्ट्रुमेंट कुठल्या कंपनीचं?"

"वाशी मार्केट," मी म्हटलं. "भांड्यांची गल्ली."

ते हसले नाहीत, मान वाकवून त्यांनी पोळपाटाच्या कडेची खाच बोटाने चाचपली. मग म्हणाले, "आमच्याकडे असं एक करून द्याल का?" त्या क्षणी मला जे वाटलं ते पुढे कुठलंही सर्टिफिकेट मिळाल्यावर वाटलं नाही. माझी छाती खरंच फुगली होती. साहेब मात्र पोळपाटाकडे बघत नव्हते. ते दादांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साचा सरळ होता तुमचा. मी चुकीचं बोललो." सगळ्यांच्या देखत. मग, "प्रेस चालू राहील."

मोटर पुण्यात थरथरायची थांबली हे आठवड्याभरात फोनवर कळलं. प्रेस पुढे बरीच वर्षं चालली.

पुढच्या दसऱ्याला कंपनीने घरच्यांनाही बोलावलं. मी सासूबाईंना घेऊन गेले. प्रेसच्या भिंतीवर, पंख्यापासून लांब, नवा सागवानी देव्हारा बसवायचा होता. दादा एका ताटलीत त्याचे सगळे स्क्रू, बिजागऱ्या, कडी घेऊन माझ्या खोलीच्या दारात आले. "ताई, आधी लावून बघा." मी एकेकाला चुंबक लावलं. सगळं पितळ. समई तपासली, घंटा तपासली. सासूबाई पदराआड हसत होत्या, पण दादांच्या तोंडावर सुरकुतीही हलली नाही. शेवटी त्यांनी नारळसुद्धा पुढे केला, तेव्हा मात्र आम्ही तिघेही हसलो.

पूजेला प्रेसला माळ घातली, भट्टीला घातली. मग दादा माझ्या खोलीत आले आणि पोळपाटांना एकेक बोट कुंकू लावलं. आदल्या दिवशीच्या मालातला एक ब्लॉक त्यांनी बरोबर आणला होता, रेघ मारलेला. "मोजा," म्हणाले. मी ठोकळा बाजूच्या अंगावर ठेवला, फिरवला. काटा जागेवर. तेव्हा कुठे त्यांनी तो ब्लॉक ताटात देवीपुढे ठेवला आणि सासूबाईंकडे वळून, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आजी, हिथं आमी भात पिकवला. आता चुंबक पिकवतो. तुमची सून हाय म्हनून अजून पिकवतो."

परतताना बसमध्ये सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. घणसोली गेलं, कोपरखैरणे गेलं. संध्याकाळी शेजारीण सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात देता देता तिने विचारलं, "आज सुनेच्या फॅक्टरीत गेला होतात ना? काय असतं तिथे?"

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवलं.

"लोखंडाच्या पोटात कण असतात," सासूबाई म्हणाल्या. "ते सगळे एका बाजूला तोंड करून बसलेत का, ते ही सांगते. तिने सांगितल्यावाचून तिथला माल बाहेर पडत नाही." एवढ्या थोडक्यात आणि इतकं बरोबर मला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं. शेजारणीला काय कळलं देव जाणे, पण ती चांगलीच दबली. माझे डोळे भरून आले आणि पोळी पोळपाटाला चिकटली.

"पण वाकडं आहे हे पहिलं मी ओळखलं," सासूबाई पुढे म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बोट केलं.